व्हिडिओ मॅग्निफायरवर अक्षरं परत पुसट दिसतायत? दुरुस्तीला टाकायच्या आधी हे क्रमाने बघा

"अगं, हे परत बिघडलं बघ." बाबांची ही हाक मी इतक्यांदा ऐकलीये की आता खोलीत गेल्यावर आधी त्यांच्या व्हिडिओ मॅग्निफायरला, म्हणजे कमी दिसणाऱ्यांना अक्षरं मोठी करून दाखवणाऱ्या मशीनला, हात लावतच नाही. आधी बघते त्यांनी चष्मा कुठला घातलाय, दिवा कुठला लागलाय आणि कॅमेऱ्याखाली काय ठेवलंय. घरचं मशीन, मग ओळखीतल्या दोघा-तिघांची, मग त्यांच्या ओळखीतल्यांची, असं करत करत ही एकच तक्रार, "अक्षरं पुसट येतात", मी वर्षानुवर्षं निस्तरत आलेय आणि जवळपास दर वेळी मशीन ठणठणीत निघालंय. एकदा तर आम्ही चांगलं चालणारं मशीन दुरुस्तीला पाठवलं, ते तीन आठवडे तिकडेच पडून राहिलं, बाबांचं वाचन तीन आठवडे बंद, आणि परत आलं तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत एवढंच की दोष आढळला नाही. असे तीन आठवडे दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. नजरच जर एक-दोन दिवसांत अचानक बदलली असेल, म्हणजे डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके एकदम खूप वाढलेत, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटतंय किंवा सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्यात, तर हे वाचत बसू नका. मशीन राहू द्या बाजूला, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

आधी लक्षणं

"नीट दिसत नाही" या एका वाक्यात बऱ्याच वेगवेगळ्या भानगडी लपलेल्या असतात, त्यामुळे तुमचं नक्की कुठलं ते आधी ठरवा.

- सगळीकडे सारखंच धूसर, धुक्यातून बघितल्यासारखं, झूम कमीजास्त करून काही फरक नाही
- पानाच्या मधे स्पष्ट, पण पुस्तकाच्या शिवणीकडे गेलं की पुसट
- क्षणभर स्पष्ट, परत धूसर, परत स्पष्ट, असा खेळ चालूच, लिहिताना तर हमखास
- मधोमध पांढरा झगझगीत ठिपका आणि त्याच्याखालची अक्षरं गायब
- आडवे पट्टे वर-खाली सरकतात
- कागद हलवला की अक्षरांमागे शेपट्या
- कागद काढून घेतला तरी अक्षरं स्क्रीनवर तशीच
- फोटोतले चेहरे म्हणजे नुसते काळे-पांढरे डाग
- स्क्रीन काळीच
- दुसऱ्याला त्याच स्क्रीनवर छान दिसतं, तुम्हाला दिसत नाही

ज्यांच्या घरी मशीन नवीनच आलंय त्यांच्यासाठी: व्हिडिओ मॅग्निफायर म्हणजे कागदाकडे बघणारा एक कॅमेरा आणि ते चित्र मोठं करून दाखवणारी स्क्रीन, बस. टेबलावरच्या मशीनला कॅमेऱ्याखाली सरकता ट्रे असतो, हातातलं मशीन थेट कागदावर ठेवायचं. जुनी माणसं याला अजून सीसीटीव्ही म्हणतात त्याचं कारण म्हणजे सुरुवातच तशी झाली, १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या रँड संस्थेतले गणितज्ञ सॅम्युएल जेनेन्स्की, ज्यांना स्वतःला फार कमी दिसायचं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोज्ड सर्किट टीव्हीचा कॅमेरा वाचण्यासाठी वापरला. तेव्हापासून मशीन कितीही बदललं तरी साखळी तीच आहे: कागद, उजेड, लेन्स, फोकस, स्क्रीन, चष्मा, डोळा. पुसटपणा यातल्या कुठल्याही कडीत असू शकतो, आणि आपण मात्र दर वेळी मशीनलाच धरतो.

१. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा

फुकट आणि एका मिनिटाचं काम. साध्या पांढऱ्या कागदावर ठळक काळ्या शाईने चार मोठे शब्द लिहा, कागद कॅमेऱ्याखाली ठेवा आणि चांगलं दिसणाऱ्या कुणाला तरी स्क्रीन बघायला सांगा. घरी एकटेच असाल तर फोनने स्क्रीनचा फोटो काढून कुणाला तरी पाठवा आणि विचारा, अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत का. त्यांना स्वच्छ दिसत असेल तर मशीनमागे लागू नका, सरळ झूम आणि चष्म्याच्या भागावर या. त्यांनाही धूसर दिसत असेल तर खालच्या क्रमाने चला. या एका तपासणीने अर्धा गुंता सुटतो म्हणून ती पहिली.

वर्तमानपत्रावर तपासू नका, तो कागदच करडा आणि शाई फिकी, तिथे पुसट दिसणं हा बऱ्याचदा कागदाचाच दोष असतो.

२. बटणं

चित्र हलत नसेल तर फ्रीझ दाबलं गेलंय. मशीन हँग झालं म्हणून मला आलेले निम्मे फोन या एका बटणाचे होते. फ्रीझ म्हणजे चित्र थांबवून ठेवायची सोय, हातातल्या मशीनवर ते बटण नेमकं अंगठ्याखाली येतं, परत एकदा दाबलं की सुटतं.

चेहरे डागासारखे दिसत असतील तर मशीन कॉन्ट्रास्टच्या मोडमध्ये आहे. काळ्यावर पांढरं, निळ्यावर पिवळं वगैरे मोड अक्षरांसाठी केलेले असतात, त्यात मधल्या छटा मुद्दाम काढून टाकतात म्हणून अक्षर उठून दिसतं, आणि त्याच कारणाने फोटोचा चिखल होतो. फोटो बघायचा असेल तर पूर्ण रंगाच्या मोडवर या. याच्या उलटही होतं, रंगाच्या मोडमध्ये फिकी छपाई वाचायचा प्रयत्न चाललेला असतो आणि माणूस म्हणतो पुसट आहे. मोड बदलून बघायला काही लागत नाही, सगळे एकदा फिरवून बघा.

ब्राइटनेस कुणीतरी शून्यावर नेलेला असतो, तोही बघून घ्या.

३. लेन्स पुसा

सगळीकडे सारखंच धुकं असेल तर नव्वद टक्के खात्रीने मी लेन्सकडे जाते. हातातल्या मशीनची लेन्स मागच्या बाजूला असते, आणि मशीन उचलताना बोट बरोबर तिथेच टेकतं. पहिल्यांदा मला हे कळलं ते अपघातानेच, बाबांचं मशीन उलटं करून मी टॉर्च तिरकी धरली तर काचेवर अंगठ्याचा अर्धा ठसा, त्यातल्या वळणावळणाच्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट, आणि त्या तेलकट ठशातून ते आठवडाभर वाचायची खटपट करत होते. चष्म्याच्या फडक्याने दोन वेळा अलगद पुसलं आणि अक्षरं एकदम काळीभोर झाली.

पुसायची पद्धत: मशीन बंद करायचं, आधी हाताने दाबायच्या रबरी फुंकणीने धूळ उडवायची कारण धुळीसकट घासलं तर ओरखडे येतात, मग मऊ मायक्रोफायबरचं कोरडं फडकं. डाग चिवट असेल तर फडकं किंचित ओलं करा, पाणी किंवा स्प्रे लेन्सवर कधीच नको, ते कडेने आत जातं. साडीचा पदर, टिश्यू, टॉवेल यातलं काही वापरू नका. टेबलावरच्या मशीनमध्ये कॅमेरा खाली तोंड करून असतो म्हणून तिथे कुणी बघतच नाही, खालून आरसा धरून बघा. थंड खोलीतून मशीन दमट हवेत आणलं असेल तर लेन्सवर वाफ धरते, तेव्हा पुसू नका, नुसतं अर्धा तास ठेवा.

पुसूनही धुकं राहिलं आणि टॉर्चमध्ये काचेच्या आत जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती आतून आहे, आपल्या हाताने निघत नाही. इथे थांबा.

४. फोकस आणि अंतर

इथे जरा जास्त वेळ द्या, कारण खरी गडबड बहुतेक वेळा इथेच असते.

टेबलावरचं मशीन आपला आपण फोकस करतं. कसं करतं हे एकदा समजलं की निम्मा वैताग कमी होतो: चित्रात काळ्या-पांढऱ्याच्या कडा सगळ्यात ठळक कधी येतात ते शोधत लेन्स आत पुढे-मागे होत राहते. म्हणजे त्याला पकडायला कडा लागतात. कॅमेऱ्याखाली नुसता पांढरा समास आला, किंवा गुळगुळीत चकचकीत पान आलं, की पकडायला काही नाही, मग ते शोधतच बसतं आणि तुम्हाला चित्र आत-बाहेर होताना दिसतं. ठळक मजकूर मधोमध आणा, ट्रे सोडून द्या, दोन-तीन सेकंद काहीही हलवू नका. बहुतेक वेळा जागेवर येतं.

लिहिताना हाच प्रकार होतो, कारण पेन आणि हात कागदापेक्षा वर असतात, कॅमेरा कधी हात पकडतो कधी कागद. त्यासाठी फोकस लॉकचं बटण असतं: कोरा कागद नको, चार अक्षरं लिहिलेला कागद ठेवा, स्पष्ट झाला की लॉक दाबा, मग हात आत घाला आणि लिहा. सही करायची असेल, फॉर्म भरायचा असेल तर हे सवयीचं करून घ्या.

आणि आता त्याच लॉकचा दुसरा त्रास. काम झाल्यावर लॉक काढायचं राहून जातं. मग दुसऱ्या दिवशी त्याच ट्रेवर जाडजूड पुस्तक येतं, त्याचं पान कालच्या कागदापेक्षा दोन-तीन बोटं वर असतं, फोकस मात्र कालच्याच उंचीवर अडकलेला, आणि झूम जितका जास्त तितकी ही उंची चुकायला वाव कमी, थोडंसं वर-खाली झालं तरी अक्षरं विरघळतात. "काल चांगलं होतं, आज बिघडलं" या तक्रारीचं हे माझ्या बघण्यातलं पहिल्या नंबरचं कारण आहे. म्हणून पुस्तक बदललं की आधी लॉक सोडून बघा.

पुस्तकाच्या शिवणीकडे पुसट होतं ते पान तिथे उतरतं म्हणून. पुस्तकाची सुरुवात वाचताना डावी बाजू पातळ आणि उजवी जाड असते, तेव्हा पातळ बाजूखाली एखादी वही सरकवून दोन्ही पानं एका पातळीत आणा. पुढे पुढे वाचत गेलात की वही दुसऱ्या बाजूला घ्या. बाबांच्या ट्रेशेजारी एक जुनी वही यासाठीच कायमची असते.

हातातल्या बऱ्याच मशीनमध्ये फोकस ठरलेलाच असतो, कागदावर टेकवून धरलं तर स्पष्ट, बोटभर उचललं की पुसट. वय झालेल्या माणसाचा हात थरथरतो, नकळत मशीन उचललं जातं. दोन्ही हातांनी धरा, कोपर टेबलावर टेका. बाटलीवरचं लेबल वाचायचं असेल तर मशीन फिरवू नका, मशीन स्थिर आणि बाटली हळूहळू गोल फिरवायची, कारण गोल पृष्ठभागावर मधली उभी पट्टीच फोकसमध्ये येते.

५. उजेड

मधला झगझगीत ठिपका म्हणजे मशीनचाच दिवा चकचकीत कागदावरून परत कॅमेऱ्यात जातोय. मशीनचा दिवा बंद करा आणि टेबललॅम्प बाजूने, तिरका ठेवा. औषधांच्या पाकिटावर याचा फरक सगळ्यात छान कळतो. चंदेरी पट्टीच्या कडेला एक्सपायरीची तारीख बऱ्याचदा शाईने नसतेच, नुसती दाबून उमटवलेली असते, तिच्यावर समोरून उजेड पडला की सगळं पांढरं, काही म्हणजे काही दिसत नाही, आणि तोच उजेड कडेने दिला की प्रत्येक आकड्याच्या खाचेत बारीक सावली पडते आणि तारीख वर येते. औषध चुकीचं जाऊ नये म्हणून तरी ही एक गोष्ट जरूर करून बघा.

आडवे पट्टे सरकत असतील तर खोलीतले दिवे एक एक करून बंद करा. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आपल्याला ते कळत नाही पण कॅमेऱ्याच्या वेगाशी त्याचं जमलं नाही की पट्टे उमटतात. दिवा बंद केल्यावर पट्टे गेले म्हणजे दोष दिव्याचा. मेनूमध्ये ५० आणि ६० हर्ट्झ असा पर्याय असेल तर तुमच्याकडच्या विजेप्रमाणे लावा, नाहीतर दिवा बदला.

अक्षरांमागे शेपट्या येत असतील तर आधी उजेड वाढवा. अंधुक उजेडात बरेच कॅमेरे प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतात, तेवढ्यात कागद हललेला असतो. मशीन टीव्हीला जोडलं असेल तर टीव्हीतला गेम मोड चालू करून बघा, टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो, आणि हात आधी, चित्र मागून, असं झालं की मळमळायला लागतं.

६. झूम जास्त झालाय का

कमी दिसतंय म्हणून माणूस झूम वाढवत जातो. पण झूम दुप्पट केला की स्क्रीनवर मावणारं कागदाचं क्षेत्र चौथा हिस्सा होतं, मग एकेक अक्षर जोडत वाचावं लागतं, ओळ हरवते, डोकं दुखतं आणि याला सुद्धा लोक "नीट दिसत नाही" म्हणतात. शिवाय लेन्सची खरी क्षमता संपल्यावर पुढचा झूम नुसते ठिपके फुगवतो, अक्षरांच्या कडा पायऱ्या पायऱ्यांसारख्या होतात.

आम्ही असं ठरवतो: सगळ्यात मोठ्यापासून सुरुवात करून हळूहळू खाली या, जेमतेम ओळखू येतं तो आकार सापडला की त्याच्या साधारण दुप्पट ठेवा. जेमतेम दिसणाऱ्या आकारावर दोन ओळी वाचून होतात, दोन पानं होत नाहीत. आणि एक अख्खा शब्द तरी स्क्रीनवर मावला पाहिजे. मावत नसेल तर मशीनची स्क्रीन लहान पडतेय किंवा डोळे परत तपासायची वेळ झालीये.

७. चष्मा

दुसऱ्याला स्वच्छ दिसतं आणि तुम्हाला नाही, तर इथे बघा. मशीन मोठं करून देतं म्हणून चष्मा नको असं नाही. स्क्रीन डोळ्यांपासून जितकी लांब तितक्या अंतराचा नंबर लागतो. दुहेरी काचेच्या चष्म्यात जवळचं बघायचा भाग खाली असतो आणि टेबलावरच्या मशीनची स्क्रीन असते डोळ्यांसमोर, त्यामुळे माणूस एकतर वरच्या, लांबच्या काचेतून बघतो आणि धूसर दिसतं, नाहीतर हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघतो आणि मान धरते. बाबांचं असंच होतं. मी बाजूने उभी राहून बघत होते तेव्हा लक्षात आलं, हनुवटी छताकडे, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंडाने "आता जमतंय, आता जमतंय". स्क्रीन खाली घेतली, खुर्चीवर जाड उशी ठेवली, आणि नंतर स्क्रीनच्या अंतराचा वेगळा एकेरी चष्मा करून घेतला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर जुनाच चष्मा चालू ठेवलेले लोकही मी बघितलेत, नंबर पूर्ण बदललेला असतो.

चष्मा करायला जाताना घरी जसे बसता तसे बसून डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा, सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. "कम्प्युटरसारखं" असं मोघम सांगू नका.

८. चार्जिंग, वायरी, काळी स्क्रीन

बॅटरी उतरत आली की काही मशीन दिवा आणि स्क्रीन मंद करतात, तेही पुसटच दिसतं, म्हणून चार्जरला लावून परत बघा. चार्जर मशीनबरोबर आलेलाच वापरा, दुसरा वापरायचाच असेल तर व्होल्ट जुळतायत का ते दोन्हीवर वाचून घ्या (ती बारीक अक्षरं दुसऱ्या कुणाला वाचायला सांगा). स्क्रीन काळी असेल तर प्लग, मग स्क्रीनचं वेगळं बटण, मग कॅमेऱ्याची वायर दोन्ही टोकांना काढून परत घट्ट लावा, मग टीव्ही किंवा मॉनिटरवर इनपुट बरोबर निवडलंय का. यातलं काही नसेल तर बंद-चालूचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, पुष्कळ मशीन त्याने नव्याने सुरू होतात. मेनूत फॅक्टरी रीसेट असेल तर तो सगळ्यात शेवटी, कारण त्याने तुमचे ठरवून ठेवलेले रंग आणि मोड सगळे जातात.

इथे थांबा, माणूस बोलवा

बॅटरी फुगली असेल, म्हणजे मागचं झाकण वर आलंय, स्क्रीन कडेने उचलली गेलीये किंवा मशीन टेबलावर सपाट बसत नाही, तर चार्जिंग ताबडतोब काढा, परत लावू नका, झाकण दाबून बसवू नका. जळका वास, चार्ज होताना हात लावता येणार नाही इतकं तापणं, आत पाणी जाणं, स्क्रीनला तडा, लेन्सच्या आत बुरशी, कॅमेऱ्याचा दांडा सैल होऊन खाली झुकणं, हे सगळं कारागिराचं काम. आणि मशीन जुन्या, मागे खोल डबा असलेल्या काचेच्या मॉनिटरचं असेल तर त्याचं झाकण प्लग काढूनसुद्धा उघडू नका, आत विजेचा जीवघेणा दाब साठून राहतो.

उजेड आणि झूम (वरचं पाच आणि सहा) बघून झालं, चष्माही तपासला, दुसऱ्याला स्पष्ट दिसतं आणि तरी तुम्हाला पूर्वीचाच झूम पुरत नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. घरी एक बघता येतं: चष्मा लावून एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे किंवा दाराच्या चौकटीकडे बघा. सरळ रेघ कुठे वाकडी झाली, मधे तुटली, आणि हे आधी नव्हतं, तर वेळ घेऊन थांबू नका, लगेच जा. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या काही आजारांत लवकर उपचार झाले तर उरलेली नजर टिकते.

दुरुस्तीवाल्याला फोन करायच्या आधी कागदावर एवढं लिहून घ्या: मॉडेलचं नाव, मागचा नंबर, वरच्या यादीतलं नेमकं लक्षण, कुठल्या मोडमध्ये आणि किती झूमवर होतं, मशीनच्या दिव्यात होतं की खोलीच्या, आणि काय काय करून बघितलं. स्क्रीनचा फोटो आणि पट्टे किंवा थरथर असेल तर दहा सेकंदांचा व्हिडिओ सोबत पाठवा. आणि मशीन न्यायलाच लागलं तर बदली मशीन तेवढे दिवस मिळेल का हे देण्याआधी विचारा. आम्ही तेव्हा विचारलं नव्हतं.